सोळाशेच्या आधीची मराठी बाई काय नेसायची? (एससीए, पेनसिक आणि मी)

खारी_बिस्किट

मंडळी, विचित्र प्रश्न आहे. आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

पिट्सबर्गला येऊन तीन वर्षं झाली. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचे. डेटाबेस सांभाळतात, डब्यात रोज तेच सँडविच. मागच्या महिन्यात जेवताना सहज म्हणाले, शनिवारी फोन करू नकोस, आमच्या बॅरनीची स्पर्धा आहे. कसली बॅरनी? म्हणजे त्यांच्या खेळातला गावचा गट. तर हा माणूस सुट्टीच्या दिवशी चौदाव्या शतकातला फ्लँडर्सचा लोकरीचा व्यापारी असतो. फोटो दाखवले. तेच गृहस्थ, तोच चष्मा, अंगात स्वतः शिवलेला घोळदार अंगरखा, आणि मागे शंभरेक माणसं चिलखत घालून एकमेकांना बडवतायत.

सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम, म्हणजे एससीए, असं त्या मंडळींचं नाव. १६०० च्या आधीचं जग नुसतं वाचायचं नाही, हातांनी करून बघायचं. कपडे शिवायचे, रांधायचं, लढायचं, बोरूने सनदा लिहायच्या. त्यांच्या नकाशावर पिट्सबर्गला पिट्सबर्ग म्हणत नाहीत, 'डिबेटेबल लँड्स' म्हणतात. वादग्रस्त मुलूख! बेळगाववाल्यांनी नोंद घ्यावी.

तर त्यांनी मला पुढच्या मेळाव्याला बोलावलंय. बघे म्हणून येता येत नाही. जो येईल त्याने १६०० पूर्वीच्या कपड्यांचा निदान प्रयत्न तरी करायचा.

आईला सांगितलं. ती लगेच, "नऊवारी नेस, नथ घाल, जिजाऊ हो!" मी हिशेब केला. जिजाऊंचा जन्म १५९८ चा. म्हणजे ह्यांच्या मर्यादेत जिजाऊ अजून दुपट्यात. महाराज १६३०, तुकोबा १६०८, सगळे रेषेच्या पलीकडे. शाळेत चौथीपासून जो इतिहास घोकला तो जिथे सुरू होतो, तिथे ह्यांचा खेळ संपतो.

मग मी कोण होऊ? की मुकाट्याने उसना युरोपी झगा घालून जाऊ? खरं सांगायचं तर, गोऱ्यांच्या घोळक्यात मोर म्हणून नाचायची भीती वाटते.

आडगावचा_शहाणा

थोडक्यात, मोठ्या माणसांचं स्नेहसंमेलन. झाशीची राणी, भाजीवाली आणि परी यांतलं एक निवडा. बक्षीस उत्तेजनार्थ. हलकेच घ्या.

टोपाखाली

शहाणे, तुमचं हसून झालं की सांगा. आठ वर्षं यात आहे (डेट्रॉइटकडे. एससीएने आपल्या नकाशावर 'राज्यं' पाडलीत, त्यांतल्या 'मिडल'मध्ये), त्यामुळे जरा लांबण लावतो.

सुरुवात खरोखर अंगणातच झाली. १ मे १९६६, बर्कली, डायना पॅक्सन यांच्या घरामागचं अंगण. मध्ययुगाच्या नादी लागलेल्या मंडळींनी तिथे एक सामने भरवले, आणि शेवटी विसाव्या शतकाचा निषेध म्हणून टेलिग्राफ अव्हेन्यूवरून मोर्चा काढला. त्या काळच्या बर्कलीत रोज कशाचा ना कशाचा मोर्चा असायचा, हाही खपून गेला. पुढच्या खेपेला बागेची परवानगी काढायची तर अर्जावर संस्थेचं नाव हवं, म्हणून हे लांबलचक नाव ठेवलं. आमचा शकही त्या दिवसापासून मोजतात. मे २०२५ ला साठावं वर्ष लागलं. आज वीस राज्यं आहेत. अमेरिका-कॅनडाबाहेर युरोपचं 'ड्राकनवाल्ड' आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं 'लोखाक'.

राजा कसा होतो? लढून. वारसाहक्क नाही, निवडणूक नाही. स्पर्धा जिंकायची, गादीवर बसायचं, साधारण सहा महिन्यांनी उतरायचं. आणि स्पर्धेत कोण कुणाला ठार करणार हे ठरलेलं नसतं, ही नाटकातली तलवारबाजी नव्हे.

आता गंमत ऐका. आमच्या तलवारी कशाच्या असतात? वेताच्या! किमान सव्वा इंच जाडीचा वेत, वर डक्ट टेप. लहानपणी सांगलीत ज्या वेताने माझे तळहात लाल झाले, तोच वेत इकडे मी पैसे मोजून विकत घेतो आणि हौसेने मार खातो. आईला अजून हे पटलेलं नाही.

वेत का? तो चिंबतो, पण सहसा लाकडासारखा फुटून त्याच्या टोकदार चिरफळ्या उडत नाहीत. आणि मार खराच असतो बरं का. डोक्यावर पोलादी टोप, गुडघे, कोपरं, मूत्रपिंडं, गळा झाकलेला, तरी सोमवारी मांडीवर जांभळा नकाशा घेऊन ऑफिसला जातो. पण घाव लागला की नाही हे पंच ठरवत नाही, ज्याला लागला तो ठरवतो. पायावर बसला तर तुम्ही आपणहून गुडघ्यावर येऊन लढायचं, हातावर बसला तर तो हात गेला, डोक्यावर नीट बसला तर आपणहून मरायचं. सगळे बघत असतात, हरायचं जिवावर आलेलं असतं, आणि तरी "लागला" असं म्हणून खाली पडायचं. गल्ली क्रिकेटमध्ये "आउट नाय, आउट नाय" करत वाढलेल्या माणसाला हे जमायला दोन वर्षं लागली.

खारीताई, तुम्ही लगेच लढावं असं कुणी म्हणणार नाही. धनुर्विद्या आहे, बोथट पोलादी तलवारीचं रेपियर आहे, आणि निम्म्याहून अधिक लोक लढतच नाहीत. व्यावहारिक गोष्ट: तुमच्या गटात 'शॅटलेन' नावाचा पदाधिकारी असेल, नव्या माणसांची काळजी घेणं एवढंच त्याचं काम. उसने कपडे त्याच्याकडे पेटीभर असतात, त्याला 'गोल्ड की' म्हणतात. सदस्य नसलात तरी येता येतं, थोडी जास्त फी पडते आणि दाराशी जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागते. त्या दाराशी असलेल्या टेबलाचं नाव 'ट्रोल'. पुलाखालच्या जकात मागणाऱ्या राक्षसावरून आलंय, इथल्या काहींवरून नाही.

आडगावचा_शहाणा

@टोपाखाली, बाण पोचला. 😄

पण मनापासून विचारतो. आपण राजेशाही मोडून लोकशाहीत आलो आणि शिकलेसवरलेले लोक शनिवारी कुणासमोर तरी गुडघे टेकतात, हे काय? आणि 'मध्ययुग' म्हटल्यावर शेतकऱ्याचं अर्धपोटी जिणं, प्लेग, देवी यांची कुणी हौस करतं का?

टोपाखाली

नाही करत, आणि हा आक्षेप बिनतोड आहे. जसं होतं तसं सगळं नाही, त्यातलं हवं तेवढंच घ्यायचं, असा हा खेळ आहे. संस्थेच्या नावातच कालविपर्यास आहे. पण राजेशाहीचं म्हणाल तर खरा कारभार संचालक मंडळ, हिशेबनीस आणि विम्याचे कागद चालवतात. मी एका राजाला मेजवानीनंतर रात्री अकराला बाह्या सरसावून पातेली घासताना बघितलंय. सेवेसाठी इथे 'पेलिकन' नावाचा मान आहे, आणि तो लढवय्यांच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबरीचा. कलाकौशल्यासाठी 'लॉरेल'. भांडी घासून सरदार होता येतं, अशी दुसरी मध्ययुगीन व्यवस्था मला माहीत नाही.

ताम्हण

मी एससीएमध्ये नाही, पुण्यात जुन्या कापडांवर काम करते. पण प्रश्न माझ्याच गल्लीतला आहे म्हणून लिहिते.

खारी, तू पोशाखापासून सुरुवात केलीस, तिथे थांब. आधी साल आणि गाव ठरव. १२८० ची देवगिरीकडची, १५४० ची गोव्याची आणि १५९५ ची अहमदनगरची या तीन वेगळ्या बायका आहेत. अहमदनगर घेतलंस तर चांदबीबीने किल्ला लढवला तो काळ मिळतो, पण मग निजामशाही दरबाराचे शिवलेले कपडे आले, ते एका महिन्यात होणार नाहीत.

गोवा घेतलंस तर चित्रं आयती आहेत. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात १५४० च्या आसपासचं एक पोर्तुगीज हस्तलिखित आहे, त्यात गोव्यापासून पूर्वेकडच्या देशांपर्यंतच्या लोकांची रंगीत चित्रं आहेत, शेतकरी, सोनार, धोबी, पाणी भरणाऱ्या बायका. राजाराण्या सोडून इतरांची सोळाव्या शतकातली चित्रं मिळणं ही चैन आहे. डच प्रवासी लिन्स्कोटेनचा १५९६ चा ग्रंथही आहे, पण त्यातली माणसं मला नेहमी डच वाटतात, फक्त कपडे काढून घेतलेली.

दक्षिणेकडे सरकायची तयारी असेल तर लेपाक्षीची भित्तिचित्रं. विजयनगरचे पुरुष तिथे उंच निमुळत्या टोप्या घालून उभे आहेत, 'कुल्लायी' म्हणतात. तशीच टोपी तिरुमलाच्या देवळातल्या कृष्णदेवरायाच्या धातुमूर्तीला आहे.

नथ मात्र काढून ठेव. आपल्या प्राचीन मूर्तींचं नाक कोरं असतं, कुठल्याही जुन्या लेण्यात जाऊन बघ. हा दागिना उशिरा आला. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनत्वावर लेखच लिहिला होता. आईंना सांगू नकोस, फोन ठेवून देतील.

आणि कापड सुती. नायलॉनची जर, पॉलिएस्टर, 'आर्ट सिल्क', काही नको. इजिप्तमध्ये जुन्या कैरोतल्या फुस्तातला उत्खननात गुजरातच्या ठशांच्या सुती कापडाचे तुकडे ढिगाने मिळालेत, निळीचे आणि मंजिष्ठेच्या लालाचे. त्या वळणाचं हातछपाईचं कापड आजही मिळतं. ते नेस. तुझ्या फ्लँडर्सच्या व्यापाऱ्याकडे लोकर आहे ना? त्याला म्हणावं, सुती कापड माझ्याकडून घे.

शेवंतीचा_वाफा

ताम्हणताई, तो शेवटचा टोला आवडला.

नावासाठी माझी भर. लीळाचरित्र काढा, तेराव्या शतकातला मजकूर. बाईसा, महादाइसा, उमाइसा, देमाइसा. नावांना ही 'इसा' लागलेली बघितली की काळ एकदम समोर येतो. महादाइसेचे धवळे म्हणजे मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचं लेखन, आणि ती काही गादीवर बसलेली राणी नव्हती. प्रश्न विचारणारी, उलट बोलणारी बाई होती. तुम्हाला राणी व्हायचंय की बाई, ते ठरवा.

खारी_बिस्किट

बाई!! हे नाव डोक्यात बसलं. उमाइसा.

ऑफिसातल्या गृहस्थांना विचारलं तर म्हणाले की नाव नोंदवायचं तर हेराल्ड लोक पुरावा मागतात, ग्रंथ कोणता, काळ कोणता. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात तेव्हा इतकी चौकशी होत नाही.

टेम्सकाठी

इंग्लंडातून +१. इकडे दुसरा प्रकार जास्त दिसतो. जुलैत ट्यूक्सबरीला १४७१ ची लढाई दरवर्षी पुन्हा लढतात, हजारो लोक बघायला येतात. १९६८ पासूनचा 'सील्ड नॉट' आहे, ते सतराव्या शतकातलं यादवी युद्ध करतात. तिथे दोरी बांधलेली असते, अलीकडे आपण आईस्क्रीम खात उभे, पलीकडे इतिहास. आणि कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं, यॉर्कवालेच जिंकतात. मी दोन्हीकडे जाऊन आलो. दोरीपलीकडचं जास्त अचूक असतं, टाक्यांपर्यंत. पण घरी येताना माझे हात स्वच्छ असतात. ड्राकनवाल्डच्या मेळाव्यातून आलो तेव्हा कपड्यांना धुराचा वास होता आणि मी चौघांसाठी कांदे चिरले होते.

मिरगुंड

इतका वेळ गप्प होतो, आता जेवणाचा विषय आला.

खारी, मेजवानीला काही घेऊन जाणार असशील तर कृपा करून साबुदाण्याची खिचडी नको. साबुदाणा टॅपिओकाचा, ते झाड अमेरिकेचं. शेंगदाणा अमेरिकेचा. मिरची अमेरिकेची. बटाटा अमेरिकेचा. आपला उपवास म्हणजे कोलंबसाचं गलबत आहे, वर तूप तेवढं आपलं. पोर्तुगीज आल्यावर हळूहळू हे सगळं इकडे रुजलं. तुझी उमाइसा तेराव्या शतकातली, तिने मिरची पाहिलेली नाही. तिखट हवं तर मिरी, पिंपळी, आलं.

आधार हवा तर 'मानसोल्लास' बघ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्यात वडे आहेत, मांड्यांचे पूर्वज आहेत, आणि डाळीचं गोड पुरण भरलेली 'वेष्टिका' आहे. आता तिला पुरणपोळी म्हणायचं की नाही यावर इथे शंभर प्रतिसाद पडतील, मी पडतो बाजूला. उत्तरेचं चालणार असेल तर मांडूच्या सुलतानासाठी १५०० च्या आसपास लिहिलेलं 'निमतनामा' हे सचित्र पाकपुस्तक आहे, सामोसेच सामोसे, आणि एकातही बटाटा नाही.

शेवंतीचा_वाफा

अवांतर: पेनसिकला शेकोटीभोवती गाण्या-गोष्टींच्या बैठकी रात्रभर चालतात असं ऐकलंय. एकनाथांचं भारूड म्हणा की. नाथ १५९९ ला गेले. म्हणजे एका वर्षाने का होईना, बसतात मर्यादेत.

टोपाखाली

शेवंती, बरोबर ऐकलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेनसिक म्हणजे वार्षिक महायुद्ध. १९७२ पासून, जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पिट्सबर्गच्या उत्तरेला तासाभरावर, स्लिपरी रॉकजवळच्या एका तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर. दहा हजारांच्या आसपास माणसं तंबू ठोकून राहतात. दिवसा 'ईस्ट' विरुद्ध 'मिडल' लढाया, रानातली लढाई, पुलावरची लढाई. जुना विनोद असा की जो हरेल त्याने पिट्सबर्ग ठेवून घ्यायचं. खारीताईंच्या गावाचं नाव वादग्रस्त मुलूख आहे ते याच भांडणातून. आता ते 'एथलमार्क' या तिसऱ्याच राज्यात आहे, पण नाव तेच राहिलं.

ज्यांना लढायचं नाही त्यांच्यासाठी शेकडो वर्ग असतात. दोरे रंगवणं, घंटा ओतणं, अरबी स्वयंपाक, काहीही. मी तिथे जोडे शिवायला शिकलो. दोन्ही डाव्या पायाचे झाले.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवी. ठशांच्या कापडावर, पदराच्या काठावर, कुंकवाच्या करंड्यावर कुठेही स्वस्तिक असेल तर घरी ठेवा. २०१८ साली दक्षिण कॅलिफोर्नियाकडच्या 'कॅड' राज्याच्या राजा-राणीने जुन्या उत्तरयुरोपी नमुन्यावरून विणलेल्या झालरी लावल्या, त्यांत स्वस्तिकं होती, आणि दोघांना गादी सोडावी लागली. आपल्या दारातल्या रांगोळीतलं ते चिन्ह वेगळं, हे समोरच्याला लांबून कळत नाही, आणि ज्याच्या आजीचं घर त्या चिन्हाखाली उद्ध्वस्त झालं त्याला मी समजावत बसणार नाही.

आडगावचा_शहाणा

हा शेवटचा परिच्छेद वाचून थोडा वेळ काहीच लिहिलं नाही. इथे पुण्यात दाराला लावलेलं तोरण बघतोय. ठीक आहे, पटलं.

बादवे, आपल्याकडे असं काही का नाही? कोल्हापूरचे मर्दानी खेळ आहेत, पण ते आखाड्यात आणि मिरवणुकीत. जेवण, नाव, कपडे, भांडी, सगळं धरून कुणी बसत नाही.

ताम्हण

कारण आपल्याकडे इतिहासाचा पोशाख घातला की माणूस लगेच कुणीतरी मोठा होतो. देवगिरीच्या बाजारातला तेली व्हायला कोण तयार आहे?

मिरगुंड

मी. घाण्यासकट.

खारी_बिस्किट

जाऊन आले!! वृत्तांत देते, शनिवारचाच.

जागा: चर्चचं सभागृह. बाहेर पार्किंगमध्ये टोयोटाच्या डिकीतून लोक ढाली काढतायत. मी कोट घट्ट आवळून आत गेले. ट्रोलवर सही केली. कोट काढायची हिंमत होईना. आत निळं ठशांचं सुती कापड, ताम्हणताईंच्या सांगण्याप्रमाणे काचा मारून नेसलेलं, वर शाल, नाक कोरं. शॅटलेन बाईंनी पेटी उघडलीच होती. माझ्याकडे बघून त्यांनी झाकण लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे एकच सलग कापड आहे? टाचण्या कुठे आहेत?" एकही नाही म्हटल्यावर त्यांनी अजून दोघींना हाक मारली. पुढचा अर्धा तास मी कोपऱ्यात काचा घालून दाखवत होते. मोर म्हणून नाचायची भीती होती ना, ती कुठे गेली कळलंच नाही, कारण त्यांना माझ्यात रस नव्हता, निऱ्यांमध्ये होता. एकीने तर वहीत आकृती काढली.

सगळं गोड नव्हतं. एका काकांनी मला "प्रिन्सेस" म्हटलं, मी म्हटलं, नाही, मी गावातली बाई आहे, तर त्यांना ते काही केल्या पटेना. त्यांच्या मते भारतातून आलेला प्रत्येक जण राजघराण्यातला. आणि थंडी! देवगिरीची बाई पेनसिल्वेनियात मार्चमध्ये काय करते याचं उत्तर माझ्याकडे नाही. पुढच्या वेळी घोंगडी.

लढाई जवळून बघितली. टोपाखाली म्हणतात ते खरं आहे. एक दांडगा माणूस जिंकत आलेला, समोरच्याचा वेत त्याच्या टोपावर वाजला, मला तर आवाज साधाच वाटला, आणि तो थांबला, "गुड" म्हणाला आणि आडवा झाला. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. रोजचंच असावं.

मेजवानीला ताटवाटी आपापली न्यायची असते. स्टील चालणार नाही हे आदल्या रात्री लक्षात आलं. मग आजीचं पितळी ताट आणि पेला काढला, आईने येताना बळेच सामानात कोंबलेला, तीन वर्षं त्यात किल्ल्या पडल्या होत्या. चिंचेने घासून लखलखीत केला. शेजारी आमचे फ्लँडर्सचे व्यापारी बसले होते. मसुराचं वरण वाढलं, व्हिनेगर घातलेलं, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, थांब, आतून पांढरं का नाही?

कल्हई! आंबट पदार्थ आणि उघडं पितळ. हे मला एका अमेरिकन माणसाने सांगावं. लाकडी वाडग्यात जेवले.

तर आता प्रश्न असा: अमेरिकेत कल्हई कोण करतं?

मिरगुंड

"कल्हईऽऽय" ही हाक आठवली आणि डोळ्यांत नवसागराचा धूर गेला.

टोपाखाली

खारीताई, भांडी टिनिंग करणारे असतात, पोस्टाने पाठवून करून घेता येतात. पण थांबा, पेनसिकच्या बाजारात तांब्या-पितळेची दुकानं असतात, तिथे चौकशी करा. येताय ना?

खारी_बिस्किट

सुट्टीचा अर्ज टाकला. आईला कल्हईचं सांगितल्यावर ती म्हणाली, मग माझी दोन पातेली पण घेऊन जा, पुढच्या महिन्यात मावशी येतेय तिच्याबरोबर पाठवते. इथे कुणी करत नाही आता.